कोणाचं? कशाचं?

रोज सकाळी पहिल्या घंटेच्या आधी गोमतीबाई आठवीच्या वर्गात येत, पिशवीतून एक कोरडं सुती फडकं काढून फळा पुसत आणि त्यावर एक गणित लिहीत. गणित पुरं नसे. त्यात आकडे असत, क्रियापदं असत. नावं तेवढी नसत. नावांच्या जागी त्या लांब, सरळ रेघा ओढून ठेवत. अमक्याकडे दहा तमुक आहेत, त्यांतला तीन चतुर्थांश भाग अमक्याला दिला, उरलं किती. आणि अमका, तमुक, अमक्याला या तिन्ही ठिकाणी नुसती रेघ. मग खडू टेबलावर ठेवून त्या पहिल्या बाकापाशी उभ्या राहत आणि तमिळमध्ये दोनच शब्द विचारत. कोणाचं? कशाचं?

कुंभकोणमच्या त्या अनुदानित शाळेत हे तेहेतीस वर्षं चाललं होतं. त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी ते बघायला रम्या मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसत असे. जूनपासून गोमतीबाईंचे तास तिच्याकडे येणार होते. ती गणितात एम.एस्सी. झालेली, चोवीस वर्षांची, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे फार बघणारी. पहिल्या आठवड्यात तिने मोजून ठेवलं की रेघा भरण्यात रोज अकरा मिनिटं जातात. वर्षाचे किती तास वाया जातात याचा हिशोबही तिने वहीच्या मागच्या पानावर केला होता.

त्या आठवड्यात एकदा कृष्णकुमारने रेघांत आपल्या मामाच्या शेळ्या भरल्या. मामाकडे दहा शेळ्या, त्यांतला तीन चतुर्थांश भाग खाटकाला दिला. वर्गाने गणित सोडवलं आणि उत्तर आलं, मामाकडे अडीच शेळ्या उरल्या. इन्नंबूरहून येणाऱ्या विष्णुवर्धनने शांतपणे विचारलं, अर्धी शेळी पुढची की मागची. वर्गात हशा पिकला. रम्याला वाटलं, आता बाई आकडा बदलतील. गोमतीबाईंनी आकडा बदलला नाही. दहाला हात न लावता त्यांनी विचारलं की हा दहाचा आकडा शेळ्यांना चालत नाही, तर कोणाला चालेल. मग कोणी दूध म्हणालं, कोणी तेल. विष्णुवर्धन म्हणाला, आजोबांची जमीन चालेल, दहा ‘मा’. पुस्तकातलं हेक्टर त्याच्या गावी कोणी बोलत नाही. तिथे तीन मा म्हणजे एक एकर. काही गोष्टी तुटतात आणि काही तुटत नाहीत, हे त्या दिवशी वर्गाला शेळीमुळे कळलं. रम्याने वहीचं मागचं पान उघडलं आणि आपल्या हिशोबाकडे ती नुसती बघत राहिली.

शाळा सुटल्यावर दोघी बस स्टँडपर्यंत चालत जात. शाळेत रम्या त्यांना टीचर म्हणे. बाहेर पडल्या की दोघींची घरची मराठी सुरू होई, आणि मग ती अक्का म्हणे. दोघींचीही घरं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेली. पुण्याचे एक नातेवाईक लग्नाला आले होते, तेव्हा रम्याच्या तोंडून ‘अस्कें’ ऐकून, म्हणजे ‘सगळं’, ते इतके हसले होते की ती पुढचे दोन दिवस तमिळच बोलली. ही मराठी तिने कुठल्याच वर्गात, कुठल्याच फळ्यावर पाहिलेली नव्हती. आणि शिकण्याच्या एवढ्या वर्षांत तिला कोणी विचारलंही नव्हतं की तू घरी काय बोलतेस.

रेघांची गोष्ट गोमतीबाईंनी तिला अशीच चालताना सांगितली. पापनाशमजवळच्या एका शाळेत त्या नव्या लागल्या होत्या. दोन स्टेशनांमधून दोन गाड्या सुटतात, त्या कुठे भेटतील, असं पुस्तकातलं गणित त्यांनी घातलं. एका मुलीने हात वर करून विचारलं, ती गाडी आमच्या पापनाशमला थांबते का. बाईंनी तिला रागावून खाली बसवलं. मग रात्री जेवताना त्यांच्या लक्षात आलं की थांबत असेल तर दोन मिनिटं वाढतात, आणि उत्तर चुकतं. पोरीचा प्रश्न गणिताचाच होता.

"मज वाटलं होतं, ती टिंगल करत्ये," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी मी गाडीचं नाव लिहिलंच नाही. म्हटलं, ज्याची गाडी त्याने सांगावी."

आठवीत एकतीस मुलं होती आणि त्यांतली तीस केव्हा ना केव्हा फळ्यापाशी आली होती. कोणाच्या आत्याच्या विड्याच्या पानांच्या कवुळ्या, शंभर पानांची एक. कोणाच्या वडिलांच्या रिक्षाच्या खेपा. एकतिसावी सौंदर्या. ती रोज बसने स्वामीमलैहून येई, तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसे, आणि खडू तिच्यासमोर आला की मान खाली घाली. गोमतीबाई जबरदस्ती करत नसत. खडू पुढच्या बाकाकडे जाई.

सप्टेंबरच्या परीक्षेत तिला गणितात एकोणीस गुण मिळाले. अपूर्णांक आणि गुणोत्तराची पानं तिने कोरीच ठेवली होती. पालकांच्या सभेला तिचे वडील रविशंकर आले. ते स्वामीमलैच्या एका कारखान्यात देवांच्या पंचधातूच्या मूर्ती ओतण्याचं काम करत, आधी मेणाची मूर्ती, मग तिच्यावर मातीचा साचा, आणि मेण वितळवून त्या जागी धातू. बोटांच्या पेरांत मेण बसलेलं, बोलणं हळू. त्यांनी तक्रार केली नाही की आवाज चढवला नाही. ते म्हणाले, पोरीचा हात चांगला आहे, मूर्तींचे मेणाचे दागिने ती बायकांत सगळ्यांत बारीक वळते. आठवीपर्यंत शिकली तेवढं पुरे. डिसेंबरची परीक्षाही अशीच गेली तर नववीत घालायचं नाही, असं घरात ठरलं आहे. पुस्तकाचं मोजमाप जिला जमत नाही, तिचे दिवस त्यात कशाला घालवायचे.

सौंदर्या वडिलांच्या मागे उभी होती. रम्याने पाहिलं, तिने ओढणीचं टोक बोटांत धरलं होतं आणि ती ते दुमडत होती. दुमडून दुमडून त्याची अगदी सारख्या पट्ट्यांची घडी झाली होती.

त्यानंतरचे पंधरा दिवस गोमतीबाईंचं कशात लक्ष नव्हतं. मग एका गुरुवारी त्या हसतच वर्गात आल्या. हातात नारळाच्या हिरव्या पातींची जुडी होती. मूर्तिकार मूर्तीचं माप पट्टीने घेत नाहीत. मूर्तीच्या उंचीएवढी नारळाची पात कापतात आणि तिच्या घड्या घालून अंगाचे भाग पाडतात, हे त्यांनी कोणाकडून तरी विचारून घेतलं होतं. त्या दिवशी फळ्यावर एकही रेघ नव्हती. गणित त्यांनी पुरं लिहिलं होतं. सौंदर्याच्या अप्पांकडे एक मूर्ती आहे, तिचे नऊ समान भाग केले, त्यांतला एक भाग चेहऱ्याचा.

तिसऱ्या बाकाकडे बघून त्या कौतुकाने म्हणाल्या की आज आपण सौंदर्याच्या घरचं गणित करायचं. प्रत्येकाला एक पात मिळाली. मुलं खूश झाली. घड्या घालता घालता काही पाती फाटल्या. कृष्णकुमारने आपल्या पातीची पिपाणी केली आणि ती छान वाजलीही. कोणी मनगटाला घड्याळ बांधलं. जमिनीवर हिरवे तुकडे पडले, त्यांवरून पाय गेले. गोमतीबाई या गोंधळावर खूश होत्या. रम्याही वहीत लिहीत होती, आजचा पाठ फार चांगला.

तास संपल्यावर सौंदर्या उठली. ती बाकांखाली वाकून पाती गोळा करू लागली. फाटलेल्या, चुरगळलेल्या, एकेक. का, ते कोणी विचारलं नाही. दुपारनंतर ती वर्गात नव्हती. शुक्रवारी आली नाही. सोमवारीही नाही.

मंगळवारी संध्याकाळी गोमतीबाई स्वामीमलैच्या बसमध्ये बसल्या. रम्या सोबत गेली. ज्या गल्लीत त्या उतरून चालत गेल्या, तिथे प्रत्येक दारातून कानशीचा आवाज येत होता आणि हवेत तापलेल्या मेणाचा आणि राळेचा वास होता. रविशंकर ओट्यावर बसून मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या मऊ गाळाचा हात फिरवत होते. त्यांनी उठून स्टूल पुढे केलं. पोरीच्या पोटात दुखतंय म्हणून घरी आहे, म्हणाले. टीचरम्मांनी एवढ्यासाठी का त्रास घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता. रम्याला कळलं की यांना काहीच माहीत नाही.

सौंदर्या मागच्या अंगणात, पायरीवर बसली होती. गोमतीबाई तिच्या शेजारी खालच्या पायरीवर बसल्या, त्यामुळे त्यांचं डोकं तिच्या खांद्याशी आलं.

"माझं काहीतरी चुकलं," त्या म्हणाल्या. "पण काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. तू सांगितलंस तरच कळेल."

मग मुलगी उठली आणि पाण्याच्या घंगाळामागून एक ओलं फडकं घेऊन आली. त्यात त्या पाती होत्या. तिने त्या धुतल्या होत्या, फाटलेल्या कडा जुळवून एकावर एक ठेवल्या होत्या, वाळू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळल्या होत्या.

मग ती सांगू लागली. हळू, पण अडखळत नाही. आमच्या घरी अप्पा आंघोळ करून मगच पात कापतात. मूर्तीचं माप तिच्यावर पाडलं की त्या घडीपासून मूर्ती बाहेर येईपर्यंत ती पातच मूर्ती. ती दिव्याशेजारी ठेवायची. तिला जमिनीवर टेकवायचं नाही. मूर्तीचे डोळे कोरून उघडले की पात कावेरीत सोडायची. हे सगळ्यांच्या घरी असं असेल की नाही ते तिला माहीत नव्हतं. तिच्या घरी होतं. गुरुवारी वर्गात बाईंनी मूर्तीचं नाव घेऊन पाती वाटल्या, नऊ भाग पाडले. म्हणजे त्या सगळ्या पाती मूर्ती झाल्या. एकतीस.

"एकोणतीस सापडल्या," ती म्हणाली. "दोन नाही सापडल्या."

गोमतीबाईंनी विचारलं की अप्पांना का सांगितलं नाहीस. सौंदर्याने ओट्याच्या दिशेने बघितलं. अप्पांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी शाळा बंद केली असती. आणि ते टीचरबद्दल काही बोलले असते. ते तिला ऐकायचं नव्हतं.

तेरा वर्षांची ती मुलगी पाच दिवस खोटं दुखणं घेऊन बसली होती, एकोणतीस देवांना घंगाळामागे लपवून, आणि ते बाईंना सांभाळण्यासाठी. रम्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला पुढे यावंसं वाटेना आणि मागेही जावंसं वाटेना.

"तुम्ही सगळ्यांना विचारता, टीचर," सौंदर्या म्हणाली. "माझी जागा मात्र तुम्हीच भरलीत."

गोमतीबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या की हो, तसंच झालं. आता ती जागा पुसून ठेवते. भरायची असेल तर भर, नसेल तर ती तुझी आहे, तशीच राहू दे.

मुलीने पाती पुन्हा गुंडाळल्या. गुंडाळता गुंडाळता म्हणाली, पात नको, पण कागद चालेल, कागदाला काही बंधन नाही. आणि आधी त्या दोन पाती शोधा.

परतीच्या बसमध्ये गोमतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "ती गप्प होती, म्हणून मी तिच्या वतीने बोलून टाकलं," त्या एकदाच म्हणाल्या. "किती सोपं वाटलं मज."

दोन्ही पाती कृष्णकुमारकडे निघाल्या. एक पिपाणी, एक घड्याळ. घड्याळ त्याने दुसऱ्याकडून मागून घेऊन कंपासपेटीत जपून ठेवलं होतं. गोमतीबाईंनी बुधवारी वर्गाला घडलेलं सगळं सांगितलं, आपली चूक धरून. कृष्णकुमारने आपणहून उठून पाती सौंदर्याच्या हातात दिल्या आणि विचारलं, पिपाणी वाजवली त्याचं पाप किती. ती म्हणाली, माहीत नाही, पण आवाज चांगला होता. ती वर्गात बोललेली पहिली गोष्ट ही.

मग गोमतीबाईंनी फळा पुसला, रेघा ओढल्या आणि साठीच्या त्या बाई शेवटच्या बाकावर कृष्णकुमारशेजारी जाऊन बसल्या. बाक लहान, त्यांचे गुडघे वर आले.

सौंदर्या फळ्यापाशी उभी राहिली. तिने पहिल्या रेघेवर लिहिलं, ‘माझ्याकडे’. मग जुन्या वर्तमानपत्राची लांब पट्टी घेतली. मोजली नाही. पट्टीचं एक टोक बोटांत धरून तिने ती स्वतःवर गुंडाळत आणली, थोडी सरकवली, पुन्हा थोडी, आणि अंगठ्याने दाबली. तीन भाग. अर्धं करणं कोणालाही जमतं. तिसरा भाग डोळ्यांनी सापडत नाही, निदान रम्याचा तरी तोवर तसाच समज होता. त्या तिन्हींचे पुन्हा तीन. नऊ.

विष्णुवर्धनला राहवेना. तो मोजपट्टी घेऊन पुढे आला. कागदाची पूर्ण पट्टी भरली त्रेसष्ट सेंटीमीटर. मग त्याने घड्या मोजल्या. सात. सात. सात. पाचव्या घडीशी त्याने मोजपट्टी डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाला, सातला केसभर कमी. नऊही घड्यांत मिळून दोष निघाला तो तेवढाच. तो मोजपट्टी घेऊन तिथेच उभा राहिला, जागेवर जायचं विसरून.

आता एका भागाचे बारा, सौंदर्या म्हणाली. बारा म्हणजे बारा अंगुळं, कपाळ, नाक, ओठ सगळं त्यांच्यात बसतं. तिने आधी तीन घड्या घातल्या, मग त्या निम्म्या केल्या, मग पुन्हा निम्म्या. अशा नऊ भागांतून एकशे आठ. विष्णुवर्धनने मोजपट्टी लावली आणि त्याचा चेहरा पडला. सातचे बारा भाग पाढ्यात बसत नाहीत, म्हणाला.

मागच्या बाकावरून हात वर आला. तो गोमतीबाईंचा होता.

"टीचर," त्या म्हणाल्या, "मग एका घडीचं उत्तर लिहायचं कसं?"

वर्ग हसला. सौंदर्या हसली नाही. तिने खडू उचलला, सात लिहिला, त्याखाली आडवी रेघ, त्याखाली बारा. आणि लिहून झाल्यावर ती स्वतःच्या अक्षराकडे अशी बघत राहिली, की जणू ते दुसऱ्या कोणी लिहिलं होतं.

"ही मधली रेघ म्हणजे घडी?" तिने विचारलं.

सगळी वर्षं तिच्यासाठी फळ्यावरचा अपूर्णांक एक आणि घरातली घडी दुसरी होती. एक आकड्यांचा, दुसरी देवाच्या अंगाची. आता दोन्ही एकाच जागी, तिच्याच हाताने. रम्याने एम.एस्सी.पर्यंत असे किती अपूर्णांक सोडवले असतील, पण ती रेघ तिने त्याआधी पाहिली नव्हती. तिने घड्याळाकडे बघितलं नाही. पेन मात्र उघडं राहिलं आणि वहीवर शाईचा डाग पडला.

डिसेंबरच्या परीक्षेचे पेपर मुख्याध्यापक चंद्रमौली सरांनी स्वतः चाळले, आणि सौंदर्याचा पेपर बाजूला काढला. उत्तरं बरोबर होती, तक्रार वेगळी होती. पोरीने प्रत्येक पानाच्या समासाला घड्या घातल्या होत्या. शिस्तीचे दोन गुण कापावेत असं त्यांचं म्हणणं. गोमतीबाई म्हणाल्या, कापा, पण घड्या तशाच राहू द्या, वडिलांना दाखवायच्या आहेत. सरांनी थोडा विचार केला आणि गुण कापले नाहीत.

रविशंकर आले. एकाहत्तर गुण, गोमतीबाईंनी सांगितलं. त्यांनी आदराने मान डोलावली, पण आकड्याने त्यांच्या चेहऱ्यावर फारसं काही झालं नाही. गुण वाढतात, कमी होतात. मग गोमतीबाईंनी पेपर त्यांच्यासमोर ठेवला. लिहिलेलं त्यांनी वाचलं नाही. त्यांचा अंगठा आपोआप समासाकडे गेला आणि एकेका घडीवरून सावकाश खाली उतरू लागला. शेवटच्या घडीशी आल्यावर तो पुन्हा वर गेला, पुन्हा उतरला.

"नऊ," ते म्हणाले.

त्यांनी पेपर उजेडाकडे धरला. पलीकडून येणाऱ्या उन्हात घड्यांच्या रेघा आणि मुलीचं अक्षर एकावर एक आले. मग रविशंकरांनी पेपर होता त्याच घड्यांवर दुमडून सौंदर्याच्या हातात दिला, आणि गोमतीबाईंना विचारलं, नववीची मोठी शाळा किती वाजता भरते, कारण स्वामीमलैहून सकाळची बस सात चाळीसची आहे.

एप्रिलमध्ये शाळेचा शेवटचा दिवस आला. शाल, हार, भाषणं हे सगळं सभागृहात झालं. ते आटोपून गोमतीबाई आठवीच्या वर्गात आल्या, तेव्हा मागून रम्याही आली. फळ्यावर सकाळच्या रेघा होत्या, त्यांत सौंदर्याने भरलेलं, मेणाच्या वजनाच्या आठपट धातू असं काहीसं. अक्कांनी ते पुसलं नाही. रम्याला खूप काही विचारायचं होतं, सगळंच विचारायचं होतं. तिला वाटलं, जूनपर्यंत वेळ आहे. पण जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवडाभर आधी गोमतीबाई झोपेतच गेल्या, आणि त्या दोघींचं शेवटचं बोलणं त्या वर्गातलंच राहिलं.

अक्कांनी पिशवीतून सुती फडकं काढलं, झटकलं, आणि रम्याच्या हातात दिलं.

"धू हो अधूनमधून," त्या चपला घालता घालता म्हणाल्या. "पण पुरतं वाळल्याशिवाय फळ्याला लावू नकोस."